मूल अठराचं होण्याआधी

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा. भाषणाचा बोली सूर तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीने मला इथे बोलावलं त्याबद्दल आधी आभार. वकील म्हणून माझी ओळख करून दिली की समोरची माणसं खुर्ची जरा मागे सरकवतात, हा माझा नेहमीचा अनुभव. त्यातून आजचा विषय 'मुलं आणि गुन्हे', आणि तोही श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर! कोणाला डुलकी लागली तर राग मानणार नाही. पण ज्यांच्या घरी बारा ते वीस वयाचं मूल आहे त्यांनी कृपा करून जागं राहावं.

"आमच्या मुलांचा या विषयाशी काय संबंध? ती स्पेलिंग बीमध्ये जातात, गणपतीत लेझीम खेळतात." असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. असायलाही हरकत नाही. पण या देशात गुन्हा म्हणजे दरोडा आणि खूनच असतो असं नाही. शाळेच्या दप्तरातली एक गोळी, फोनमधला एक फोटो, रात्री अकरा वाजता गंमतीत टाकलेला एक मेसेज, एवढंही पुरतं. त्याकडे मी येणारच आहे.

माझ्या पक्षकारांच्या गोष्टी मी सांगणार नाही. ते आमच्या धंद्यात बसत नाही, आणि आपला समाज इतका लहान आहे की नाव न सांगताही तुम्ही घर ओळखाल. म्हणून जे खटले कोर्टाच्या निकालांत छापले गेले आहेत, तेच सांगते.

पहिली गोष्ट ॲरिझोनातल्या ग्लोब नावाच्या खाणीच्या गावातली. साल 1964. जेराल्ड गॉल्ट नावाचा 15 वर्षांचा मुलगा. 8 जूनला सकाळी पोलिसांनी त्याला आणि त्याच्या मित्राला घरून उचललं. तक्रार अशी, की शेजारच्या बाईंना फोन करून पोरांनी घाणेरडं काहीतरी बोललं. आईवडील दोघंही कामावर. घरी कोणी चिठ्ठी ठेवली नाही. आई संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी आली तर पोरगा नाही. तिने थोरल्याला शोधायला पाठवलं, आणि मित्राच्या घरी कळलं की जेराल्डला पोलिसांनी नेलंय.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाच्या खोलीत सुनावणी झाली. वडील कामासाठी बाहेरगावी होते. तक्रारदार बाई आल्या नव्हत्या. शपथ नाही, वकील नाही, कोण काय बोललं याची नोंद नाही. आई म्हणाली, मुलाने फक्त नंबर फिरवला आणि फोन मित्राच्या हातात दिला. अधिकारी म्हणाला, तसं नाही, मुलाने कबूल केलंय. पुढची सुनावणी 15 जूनला. त्याची सूचना म्हणून आईला एक साधा कागद मिळाला, त्यावर तारीख आणि वेळ. आरोप काय, ते नाही. त्या दिवशी आईने विनंती केली, की त्या बाईंना बोलवा, नेमकं कोण बोललं ते तरी कळू दे. न्यायाधीश म्हणाले, त्यांची गरज नाही. आणि हुकूम दिला, की मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत सरकारी सुधारगृहात पाठवा.

15 पासून 21. म्हणजे 6 वर्षं! हेच एखाद्या मोठ्या माणसाने केलं असतं तर ॲरिझोनाच्या कायद्यात शिक्षा होती 5 ते 50 डॉलर दंड, किंवा फार तर 2 महिने तुरुंग.

आता गंमत बघा. हे जुवेनाइल कोर्ट दुष्टपणाने काढलं नव्हतं. 1899 मध्ये शिकागोला असलं पहिलं कोर्ट सुरू झालं ते मुलांच्या कळवळ्यापोटीच. मुलाला गुन्हेगार म्हणायचं नाही, न्यायाधीशाने वडिलांसारखं वागायचं, म्हणून वकील नको आणि फार नियमही नकोत. पण वडीलकीच्या नावाखाली कोणी विचारणाराच उरला नाही, तर त्याचं काय होतं ते ग्लोब गावात दिसलं.

गॉल्ट दांपत्य साधं होतं. पण ते थांबले नाहीत. ॲरिझोनात तेव्हा मुलांच्या खटल्यात अपिलाची सोयच नव्हती. त्यांनी वकील शोधला आणि दुसऱ्या वाटेने दाद मागितली. प्रकरण थेट वॉशिंग्टनला गेलं, आणि 15 मे 1967 रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की लहान असणं म्हणजे हक्क नसणं नव्हे. आरोपाची लेखी सूचना, वकील आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारण्याचा हक्क, आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क, हे सगळं मुलालाही आहे. आज तुमच्या-माझ्या मुलाला हे हक्क आहेत ते त्या आईने "बाईंना बोलवा" असं म्हटलं आणि नंतरही ती गप्प बसली नाही म्हणून.

मला आज एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. वय आपोआप कोणाला वाचवत नाही. कायद्यात मुलांसाठी सवलती आहेत, चांगल्या आहेत. पण त्या मागाव्या लागतात, आणि वेळेवर मागाव्या लागतात. मागणारा मोठा माणूस मुलाच्या पाठीशी नसेल, तर सवलत पुस्तकातच राहते.

मागणारं कोणी नसलं म्हणजे काय होतं त्याचं उदाहरण फार जुनं नाही. पेनसिल्वेनियातल्या लुझर्न काउंटीत मार्क सियावरेला नावाचे न्यायाधीश मुलांचे खटले काही मिनिटांत उरकत. किरकोळ गोष्टींसाठी, शाळेतल्या अधिकाऱ्याची इंटरनेटवर टिंगल केली म्हणूनसुद्धा, मुलं बेड्या घालून नेली गेली. नंतर बाहेर आलं की ते आणि दुसरे न्यायाधीश मायकेल कोनाहन यांना खाजगी डिटेन्शन सेंटरच्या संबंधातल्या लोकांकडून 25 लाख डॉलर्सहून अधिक पैसे मिळाले होते. 2011 मध्ये सियावरेलांना 28 वर्षांची आणि कोनाहनना साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी 2009 मध्येच राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हजारो मुलांचे निकाल पुसून टाकले होते. त्यांतली कितीतरी मुलं वकिलाशिवाय उभी राहिली होती. गॉल्ट निकालाला तेव्हा 40 वर्षं होऊन गेली होती. हक्क होता, पण "किरकोळ तर आहे, वकील कशाला" म्हणून सह्या झाल्या. वकील नको असं सांगणाऱ्या कागदावर आपण कधीही सही करू नये, हे मला त्यातून वाटतं.

आता आपल्या घरात येऊ. समजा, अकरावीतल्या मुलीला डॉक्टरांनी ॲडरॉल दिलंय. परीक्षेच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने एक गोळी मागितली, हिने दिली. पैसे घेतले नाहीत. हिच्या डोळ्यांपुढे ही मदत आहे, आपण डोकेदुखीची गोळी देतो तशी. कायद्याच्या डोळ्यांपुढे हे नियंत्रित औषधाचं वाटप आहे. ॲडरॉल केंद्राच्या यादीत कोकेनच्याच वर्गात, म्हणजे दुसऱ्या शेड्यूलमध्ये येतं, आणि फुकट देणं हेही वाटपच.

समजा, सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्याच वयाच्या मैत्रिणीने नको तसा फोटो पाठवला आणि त्याने तो मित्राला दाखवायला पुढे ढकलला. 18 खालच्या व्यक्तीचं असं चित्र केंद्राच्या कायद्यात बाल-अश्लीलतेत मोडतं. काही राज्यांनी अशा पोरवयातल्या प्रकरणांसाठी सौम्य कायदे केले आहेत, पण सगळ्यांनी नाही.

समजा, कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, "उद्या शाळेत येऊ नका, बघाच काय होतं." फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर 2018 मध्येच कायदा बदलला. गोळीबाराची लेखी धमकी हा तिथे दुसऱ्या दर्जाचा फेलनी आहे, मोठ्यांसाठी 15 वर्षांपर्यंत कैद. "जस्ट किडिंग" ही सबब मुलाच्या तोंडी कितीही आली तरी पोलीस दारात येतातच, आणि त्या राज्यातल्या पालकांचा विचार केला तर यावेत हेही खरं.

आणि "अठरापर्यंत सगळं माफ" हा समज डोक्यातून काढा. टेक्सास, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन इथे 17 वर्षांचा मुलगा फौजदारी कायद्यात मोठाच धरला जातो. लुइझियानाने ही मर्यादा 18 वर नेली आणि 2024 मध्ये परत 17 वर आणली. इतर राज्यांतही गंभीर आरोपात लहान मुलाचा खटला मोठ्यांच्या कोर्टात वर्ग होऊ शकतो. देशाच्या सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये अल्पवयीनांची फाशी बंद केली, 2012 मध्ये त्यांच्यावर सक्तीची आमरण कैद बंद केली. म्हणजे अगदी वरच्या टोकाला कायदा मऊ होत गेला. पण आपल्याला भेटतो तो कायदा शाळेच्या ऑफिसात भेटतो.

नॉर्थ कॅरोलायनात चॅपेल हिल इथे 13 वर्षांच्या, सातवीतल्या मुलाला वर्गातून बोलावून नेलं. बंद खोलीत पोलीस आणि शाळेचे अधिकारी मिळून त्याला अर्धा-पाऊण तास विचारत होते. त्याला सांभाळणाऱ्या आजीला कोणी फोन केला नाही. त्याने घरफोडी कबूल केली. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, की अशा वेळी मुलाचं वय लक्षात घेतलंच पाहिजे, कारण तेरा वर्षांच्या पोराला "उठून जाऊ का?" असं विचारायचं सुचतच नाही. आपल्या मुलांना तर आणखीच नाही. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही, हे आपणच त्यांना शिकवलंय.

म्हणून एक वाक्य मुलांना पाठ करायला लावा. पाढ्यांसारखं. "आय वाँट अ लॉयर." आईला बोलवा, बाबांना बोलवा असं म्हणू दे, पण त्यावर थांबू नये. 1979 च्या एका खटल्यात 16 वर्षांच्या मुलाने आपल्या प्रोबेशन ऑफिसरला बोलवा म्हटलं. कोर्ट म्हणालं, ते वकील मागणं नव्हे. शब्द 'वकील' हाच हवा. हेही माहीत असू द्या, की चौकशीत पोलिसांनी खोटं सांगणं, "तुझ्या मित्राने सगळं सांगितलंय" वगैरे, बहुतेक राज्यांत चालतं. अल्पवयीनांच्या बाबतीत त्यावर पहिला निर्बंध आणला इलिनॉयने, 2021 मध्ये. कॅलिफोर्नियात 17 वर्षांपर्यंतच्या मुलाने आधी वकिलाशी बोलल्याशिवाय कोठडीतली चौकशीच करता येत नाही. पण आपण सगळे काही कॅलिफोर्नियात राहत नाही.

इथे मला नेहमी एक प्रश्न येतो, आणि तो योग्यच आहे. "आम्ही मुलांना खरं बोलायला शिकवलं. चूक केलीस तर जाऊन कबूल कर म्हणून सांगितलं. आणि तुम्ही सांगता गप्प बस? हे लपवणं नाही का?"

याचं उत्तर शोधताना मला पुणं आठवतं. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये 17 वर्षांच्या मुलाच्या पोर्शा गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाकडून जामीन, आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. इथेही आपल्या प्रत्येक ग्रुपवर संताप उसळला होता. "सतरा म्हणजे काय लहान? मोठ्यासारखाच खटला चालवा." हे तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी म्हटलं. पोलिसांनी तशी मागणी केलीही. 2025 च्या जुलैत मंडळाने ती नाकारली.

त्या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तो निबंध नव्हता. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली, आईवडिलांना अटक झाली. खरं-खोटं कोर्ट ठरवील. पण मुलाच्या पाठीशी उभं राहण्याच्या दोन वाटा तिथे स्पष्ट दिसतात. वकील देणं ही एक, आणि पुरावा नाहीसा करणं ही दुसरी. गप्प राहणं हा हक्क आहे. खोटं बोलणं, फोनमधले मेसेज पुसणं, मित्राच्या आईला "तुम्ही काही सांगू नका हं" असा फोन करणं, हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो आता पालकाचा आहे.

मुलाने खरं सांगावंच. कोणाला, कधी आणि कोणाच्या सोबतीने, एवढाच प्रश्न आहे. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पतीपत्नींमधलं बोलणं कोर्टात सुरक्षित असतं, वकिलाशी बोललेलं असतं, पण मुलाने आईला सांगितलेलं बहुतेक राज्यांत नसतं. आईला साक्षीला उभं करता येतं. तेव्हा पोराला जवळ घ्या, जेवायला वाढा, पण सविस्तर हकिगत आधी वकिलाला सांगू दे. नुकसान झालंय त्याची भरपाई, माफी, समाजसेवा, हे सगळं त्यानंतर व्हायलाच हवं. जुवेनाइल कोर्टाची चांगली बाजू तीच आहे, आणि चांगला वकील ती मागून घेतो. आपलं मूल ज्याच्याशी वाईट वागलं तेही कोणाचं तरी मूल आहे, हे विसरून कायद्याचा आधार घेऊ नये. पण 5 डॉलरच्या गुन्ह्याला 6 वर्षं हाही न्याय नव्हे.

आता शेवटचा मुद्दा. तो फक्त आपल्यासारख्यांचाच आहे, म्हणून शेजारच्या अमेरिकन घरात तुम्हांला तो ऐकायला मिळणार नाही.

जुवेनाइल कोर्टाने मुलाला दोषी ठरवलं तर ते इमिग्रेशनच्या कायद्यात 'कन्व्हिक्शन' धरलं जात नाही. ही मोठी सवलत आहे. पण मोठ्यांच्या कोर्टात गुन्हा कबूल करून प्रोबेशन घेतलं, आणि वर्षभराने राज्याने केस पुसून टाकली, तरी इमिग्रेशनच्या लेखी ती साधारणपणे पुसली जात नाही. "रेकॉर्ड क्लीन झालं" हे राज्यापुरतं खरं. नागरिकत्वाच्या अर्जात कधीही अटक झाली होती का हे विचारतात, आणि तिथे सील झालेलंही सांगावं लागतं. कित्येक राज्यांत गांजा कायदेशीर झालाय, दुकानात मिळतो. केंद्राच्या कायद्यात नाही, आणि इमिग्रेशन हा केंद्राचा कायदा. सिटिझन रूममेटला जो दंड भरून सुटता येतं, त्याच गोष्टीपायी ग्रीनकार्डवाल्या मुलाला परतीच्या विमानतळावर थांबवलं जाऊ शकतं.

2010 मध्ये होजे पडिया या माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की गुन्हा कबूल करण्याने हद्दपारीचा धोका असेल तर वकिलाने तसं सांगितलंच पाहिजे. हे गृहस्थ 40 वर्षांहून अधिक काळ इथले कायदेशीर रहिवासी, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. वकील म्हणाला होता, इतकी वर्षं झालीत, काळजी नको. म्हणून फौजदारी वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, "माझा मुलगा सिटिझन नाही." तो विचारील याची वाट बघू नका.

आणि सर्वांत सोपा उपाय. 27 फेब्रुवारी 2001 पासून इथे एक कायदा आहे. मूल 18 च्या खाली असेल, त्याचं ग्रीनकार्ड असेल, ते आईवडिलांजवळ इथे राहत असेल, आणि आई किंवा वडील, दोघांपैकी एकाने नागरिकत्वाची शपथ घेतली, तर मूल त्याच क्षणी आपोआप नागरिक होतं. एकाने घेतली तरी पुरतं. मात्र अठराव्या वाढदिवसानंतर एका दिवसाने घेतली तर त्या शपथेचा मुलाला उपयोग नाही.

हे ठाऊक असूनही आपल्याकडे अर्ज राहून जातो. निळा पासपोर्ट हातात घेताना पोटात कालवतं, ते मला कळतं. गावच्या शेतीची काळजी असते. परदेशी नागरिकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं, पण वारशाने येणारी त्यामुळे बुडत नाही. "बघू पुढच्या वर्षी" करत मूल कॉलेजात जातं. दोन वर्षांचं असताना पुण्याहून आणलेलं, आजीशी फोनवर "कशी आहेस" एवढंच मराठी बोलणारं ते मूल कागदावर अजून परदेशी असतं. ज्यांचं ग्रीनकार्डच रांगेत अडकलंय त्यांना ही वाट अजून मोकळी नाही, हे मी जाणते. त्यांनी तर वकिलाचा पहिला प्रश्न कधीच विसरू नये. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी घरी जाऊन मुलाची जन्मतारीख आणि स्वतःच्या ग्रीनकार्डची तारीख शेजारी शेजारी मांडून बघा.

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, तेव्हा माझं बोलणं हा सल्ला समजू नका. सल्ला आपापल्या वकिलाकडून घ्या. पण आज रात्री मुलांशी एकदा बोला. "तू काही करशील असं आम्हांला वाटत नाही, पण काही झालं तर आधी आम्हांला फोन कर, आम्ही रागावलो तरी येऊ." हे वाक्य त्यांना आजवर कोणी सांगितलं नसेल तर पोलीस स्टेशनमधून ती मित्राला फोन करतील, आपल्याला नाही.

 आता प्रश्न विचारा. सगळ्यांसमोर नको असेल तर चहाच्या टेबलापाशी या. मी तिथेच आहे.

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा!